म्हातारपणाची सोबत



आज आपण म्हातारपणाविषयी वाचणार आहोत. कोणी म्हणेल, "आम्ही अजून धडधाकट आहोत. आम्हाला हा धडा कशाला?" पण म्हातारपण एका रात्रीत येत नाही. ते हळूहळू येते. ज्याने आधी तयारी केली, त्याला ते जड जात नाही. ज्याच्या घरी आज म्हातारे माणूस आहे, त्यालाही हा धडा उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट वाचू. ही गोष्ट एका घरची नाही. पुष्कळ गावांत, पुष्कळ घरांत जे दिसते, ते एकत्र करून आम्ही ती लिहिली आहे. गोष्टीतले गाव पाचोडच्या जवळपासचे आहे, असे समजा.

१. ओट्यावरचे आबा

आबांचे वय सत्तरीच्या पुढे. घरची सहा एकर जमीन. दीड एकरात मोसंबीची बाग, बाकीच्यात कापूस, बाजरी, तूर. दोन मुलगे. थोरला शेती पाहतो. धाकटा वाळूजला कारखान्यात कामाला आहे. घर पक्के आहे. कशाची ददात नाही.

तीन वर्षांमागे आबांची कारभारीण वारली. जन्माची सोबत सुटली. चार दिवस पाहुणेरावळे आले. तेरावे झाले. सगळे आपापल्या कामाला लागले. आबा मात्र ओट्यावर बसले ते बसलेच.

घरातली माणसे वाईट नव्हती. हे आधी सांगितले पाहिजे. सून वेळेवर चहा देई, वेळेवर ताट वाढी. पण ताट ठेवून ती लगेच वळे, कारण तिला शेतात जायचे असे. मुलगा येता-जाता विचारी, "आबा, जेवलात का?" आबा म्हणत, "जेवलो." एवढेच बोलणे. दिवसभरात आबांच्या तोंडून दहा शब्दही निघत नसत.

पूर्वी आबा पाचोडचा बाजार कधी चुकवीत नसत. काही घ्यायचे नसले तरी जात. चार गावची माणसे भेटत. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, मोसंबीला काय भाव फुटला, सगळे कानावर येई. आता बाजार बंद. देवळातला हरिपाठ बंद. जेवण कमी झाले. रात्री झोप येईना.

मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. रक्त तपासले, छाती तपासली. डॉक्टर म्हणाले, "मोठा आजार काही नाही." आणि मग त्यांनी विचारले, "आबा, तुमचा दोस्त कोण?"

आबा पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "होता एक."

तो दोस्त म्हणजे तात्या. तात्या त्याच गावचे. दोघांची शेते एकमेकांना लागून. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात दोघे अठरा-वीस वर्षांचे होते. दोघे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बरोबर जात. एका भाकरीचे दोन तुकडे करून खात. पण अकरा वर्षांमागे दोघांचे बांधावरून भांडण झाले. आबा म्हणाले, "तू नांगरताना चार बोटं बांध कोरलास." तात्या म्हणाले, "नाही कोरला." शब्दाने शब्द वाढला. चार माणसांसमोर वाईटसाईट बोलणे झाले. तेव्हापासून अबोला.

आबांची बायको वारली तेव्हा तात्या मातीला आले होते. सगळ्यांच्या मागे उभे राहिले. डोळे पुसले. काही न बोलता घरी गेले.

ही गोष्ट आपण येथे थोडी थांबवू. आबांना झाले होते तरी काय, याचा आधी विचार करू.

२. आयुष्य वाढले, सोबत घटली

आपल्या देशात १९५१ च्या सुमारास सरासरी आयुष्य ३२ वर्षांचे होते. याचा अर्थ सगळी माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत, असा नाही. त्या काळी पुष्कळ लेकरे लहानपणीच दगावत. कॉलरा, देवी, हिवताप यांच्या साथी येत. त्यामुळे सरासरी खाली येई. आज हे सरासरी आयुष्य ७० वर्षांच्या आसपास आहे. लस आली, औषधे आली, दुष्काळातही माणसांच्या पोटात चार घास जाऊ लागले. ही मोठी चांगली गोष्ट झाली.

१९५१ साली सगळ्या देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे २ कोटी होती. २०११ च्या शिरगणतीत ती १० कोटींच्या वर गेली. म्हणजे पूर्वी वाड्यात एखादे म्हातारे माणूस असे. आज गल्लीगल्लीत आहेत.

पण याच काळात घरे लहान झाली. मुले कामासाठी संभाजीनगरला, पुण्याला गेली. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तोवर पुष्कळ घरांत मागे कोण राहते? एक म्हातारा, एक म्हातारी आणि शाळेत जाणारी नातवंडे.

तेव्हा आयुष्याची वर्षे वाढली, पण बरोबरची माणसे कमी झाली. आबांचे हेच झाले होते. त्यांच्या ताटात भाकरी होती. ताटाजवळ माणूस नव्हते.

३. एकटेपणा हासुद्धा रोगच करतो

कोणी म्हणेल, "बोलायला माणूस नाही म्हणून कोणी आजारी पडतो काय?" पडतो. जाणत्या डॉक्टरांनी हे पाहिले आहे. फार दिवसांच्या एकटेपणाने हृदयाचे विकार आणि पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. माणूस विसराळू होतो. जेवण्यावरून मन उडते. जागतिक आरोग्य संघटनेने याचा विचार करण्यासाठी २०२३ साली एक आयोग नेमला. त्या आयोगाने २०२५ साली सांगितले, की जगात दर सहा माणसांत एका माणसाला एकटेपणा छळतो.

अमेरिकेत हार्वर्ड नावाचे मोठे विद्यापीठ आहे. तेथे १९३८ साली एक पाहणी सुरू झाली. सातशेहून जास्त तरुण आणि मुलगे तीत घेतले गेले. काही शिकलेल्या घरचे होते, काही शहरातल्या गरीब वस्तीतले होते. त्यांची जन्मभर विचारपूस केली. तब्येत कशी आहे, काम काय करता, घरी कसे चालले आहे, हे पुन्हा पुन्हा विचारले. त्यातून काय निघाले? ज्यांची पन्नाशीत आपल्या माणसांशी गोडी होती, ते ऐंशीव्या वर्षी जास्त निरोगी होते. पैसा आणि नाव यांच्यापेक्षा माणसांची गोडी जास्त कामाला आली.

जपान देशाच्या दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटे आहेत. तेथल्या माणसांचे दीर्घ आयुष्य जगात नावाजलेले आहे. तेथे 'मोआई' नावाची एक जुनी रीत आहे. चार-सहा मित्र किंवा मैत्रिणी एक गट करतात. ठरलेल्या दिवशी जमतात. थोडे थोडे पैसे गोळा करतात. ज्याला अडचण असेल त्याला देतात. बसतात, बोलतात, हसतात. असे गट पुष्कळ वर्षे टिकतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, "ही तर आपली भिशी झाली!" अगदी बरोबर. आपल्याकडे भिशी आहे, बचत गट आहे, भजनी मंडळ आहे, देवळाचा पार आहे, पंढरीची दिंडी आहे. आपल्या पूर्वजांनी सोबतीच्या जागा करून ठेवल्या आहेत. त्या जागा सोडायच्या नाहीत, एवढे आपल्या हाती आहे.

४. मोसंबीचा ताण

आपल्या भागात मोसंबी लावणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. आंबे बहार धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो. दीड-दोन महिने पाणी तोडतात. पाने थोडी पिवळी पडतात, गळतात. मग वेळेवर खत-पाणी दिले, की झाड फुलाने भरून येते. पण ताण जास्त झाला तर? झाड वाळते. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती बागा पाण्यावाचून वाळल्या, ते आपण पाहिले आहे. पाच-पाच वर्षे जपून वाढवलेली झाडे लोकांना तोडून सरपणाला घालावी लागली.

माणसामाणसाचेही असेच आहे. ज्या घरात चार भांडी आहेत तेथे आवाज होणारच. बाप-लेकात मतभेद होतात. सासू-सुनेचे खटके उडतात. मित्रामित्रांत रुसवा होतो. थोडा ताण आला म्हणून काही बिघडत नाही. पण ताण कधी तोडायचा, हे कळले पाहिजे. चार दिवसांचा रुसवा ठीक. अकरा वर्षांचा अबोला म्हणजे वाळलेले झाड.

आणखी एक गोष्ट. मोसंबी आज लावली आणि उद्या फळ मिळाले, असे होत नाही. चार-पाच वर्षे थांबावे लागते. म्हातारपणी मित्र पाहिजेत, तर ते चाळिशी-पन्नाशीतच जपावे लागतात. जो माणूस भर उमेदीत कोणाच्या दारी गेला नाही, त्याच्या दारी म्हातारपणी कोण येणार?

५. घरातल्या तरुणांनी काय करावे

आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांचे लहानपण तुम्हाला ठाऊक असेल. त्यांचे आईबाप ते लहान असतानाच वारले. त्यांना आजोबांनी, चक्रपाणींनी, आणि आजीने वाढवले. ऊसतोडीच्या दिवसांत आजही गावोगाव आजी-आजोबाच लेकरांना वाढवतात. तेव्हा म्हातारे माणूस म्हणजे घरातला बोजा, असे कोणी समजू नये.

तरुणांनी एवढे करावे.

एक. दिवसातून एक जेवण वडीलधाऱ्यांबरोबर बसून घ्यावे. ताट नेऊन देणे वेगळे आणि बरोबर जेवणे वेगळे.

दोन. "जेवलात का?" एवढेच विचारू नये. "यंदा तूर कुठं पेरावी?" असेही विचारावे. सल्ला मानलाच पाहिजे असे नाही. पण विचारल्याने माणसाला वाटते, की आपण अजून या घरात आहोत.

तीन. जमेल तेवढे काम त्यांच्याकडे राहू द्यावे. शेंगा फोडणे, भाजी निवडणे, लेकरांना शाळेत सोडणे, शेळीला पाला घालणे, ही कामे लहान नाहीत. "तुम्ही बसा, तुम्हाला काय करायचं?" हे वाक्य मायेने बोलले, तरी मनाला लागते.

चार. बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करावा. म्हातारे माणूस त्या वेळेची वाट पाहते. फोनवर पैशाचेच बोलू नये.

पाच. ऐकू कमी येते, दिसत कमी, म्हणून माणूस गप्प बसत नाही ना, हे पाहावे. चारचौघांतले ऐकू येत नाही, मग लोक हसतील या भीतीने माणूस चारचौघांत जाणे सोडते. अशा माणसाशी समोर बसून, सावकाश बोलावे. ओरडू नये. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातही चौकशी करता येते.

सहा. एखादे माणूस फारच विसरू लागले, घरची वाट चुकू लागले, तर त्याला वेडे म्हणू नये. तो मेंदूचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टरला दाखवावे.

६. वडीलधाऱ्यांनी काय करावे

टाळी एका हाताने वाजत नाही. म्हाताऱ्या माणसांनीही काही गोष्टी पाळाव्यात.

सुनेच्या हातची भाकरी चांगली झाली, तर तसे बोलून दाखवावे. चुकले ते सांगायला आपण विसरत नाही. मग चांगले ते सांगायला का विसरावे?

घरच्या प्रत्येक कामात हात घालू नये. संसार आता मुलांचा आहे. त्यांना चुकू द्यावे. आपणही चुकलो होतोच.

जुनी गाऱ्हाणी रोज उगाळू नयेत. त्याऐवजी जुन्या गोष्टी सांगाव्यात. १९७२ च्या दुष्काळात सुकडी कशी खाल्ली, मिलो कसा आणला, हे नातवंडांना ठाऊक नाही. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते देशाला अर्पण झाले. पाण्याखाली गेलेली गावे, बांधकामावर राबलेली माणसे, यांची आठवण आज सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांजवळच आहे. ही आठवण त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये.

आणि घरातल्यांवरच सगळा भार टाकू नये. मुलगा कितीही चांगला असला तरी तो मित्र होऊ शकत नाही. आपल्या वयाच्या माणसाजवळ बसले म्हणजे जे बोलता येते, ते मुलाजवळ बोलता येत नाही. रोज घराबाहेर पडावे. पारावर जावे, हरिपाठाला जावे. जो मित्र तीन दिवस पारावर आला नाही, त्याच्या घरी चौथ्या दिवशी जावे. ही मोठी समाजसेवा आहे.

७. बहिणींसाठी दोन शब्द

पुरुषांना पार आहे, बाजार आहे. म्हाताऱ्या बाईला काय आहे? पूर्वी जाते होते, पाणवठा होता. दळता दळता, पाणी भरता भरता बायका एकमेकींचे सुखदुःख ऐकत. आता गिरणी आली, दारात नळ आला. कष्ट कमी झाले, हे फार चांगले झाले. पण बसण्या-बोलण्याची जागाही गेली.

त्यात बाई विधवा असली, तर पुष्कळ ठिकाणी तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. लग्नात मागे बसवतात. हे बरे नाही. ज्या बाईने जन्मभर घर राखले, तिला नवऱ्यामागे एकटी पाडणे हा अन्याय आहे. गावातल्या बायकांनी ठरवले तर ही रीत बदलेल. बचत गटाच्या बैठकीत, भजनात, सगळ्या कार्यात तिला मानाने बोलवावे.

माहेरची मैत्रीण, बहीण, लेक यांना भेटायला जावे. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.

८. जमीन आणि हातातली भाकरी

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. पुष्कळ घरांत गोडी जाते ती जमिनीवरून. मुले म्हणतात, "आबा, जमीन आमच्या नावावर करा." आबांना भीती वाटते, की सही केल्यावर आपल्याला कोण विचारील? मुलांना वाटते, की आबांचा आपल्यावर भरवसा नाही. दोघेही मनात कुढतात. बोलत कोणी नाही.

यासाठी कायदा काय सांगतो, ते ठाऊक असावे. आईवडील आणि ज्येष्ठ माणसांच्या सांभाळासाठी आपल्या देशात २००७ साली कायदा झाला. ज्यांना स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर गुजराण करता येत नाही, अशा आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात या सगळ्यांवर ही जबाबदारी आहे. यासाठी एक न्यायाधिकरण असते. न्यायाधिकरण म्हणजे लहान कोर्टच. प्रांताधिकारी त्याचे काम पाहतात. तेथे वकील लावावा लागत नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरवता येते.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. "तू मला सांभाळ" या अटीवर जमीन किंवा घर मुलाला लिहून दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते लिहून देणे रद्द करता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. तोंडी बोलण्यावर राहू नये. आणि कागद स्वतः वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. आता आपल्याला वाचता येते, ते याचसाठी.

पण कायदा म्हणजे शेताचे कुंपण. कुंपणाने ढोरे आत येत नाहीत. कुंपणाने पीक मात्र येत नाही. कायद्याने भाकरी मिळेल, माया मिळणार नाही. म्हणून कोर्टाची पायरी चढण्याआधी घरात बसून, चार नातलगांसमोर मोकळे बोलावे. वाटणी करायची तर जरूर करावी. मात्र थोडी जमीन किंवा थोडी ठेव आपल्या नावावर हयातभर राहू द्यावी. त्यात मुलांचाही मान राहतो आणि आपलाही.

९. ठाऊक असाव्यात अशा सोयी

पासष्ट वर्षांपुढच्या गरीब माणसांसाठी श्रावणबाळ योजना आहे. वर्षाचे घरचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दरमहा १,५०० रुपये मिळतात. पैठणच्या तहसील कचेरीत चौकशी करावी.

एसटीत ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरीच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे. ही सवलत दवाखान्यासाठीच आहे असे समजू नये. नाथषष्ठीला पैठणला जावे, लेकीच्या गावी जावे, जुन्या मित्राला भेटावे.

१४५६७ हा फोन नंबर म्हाताऱ्या माणसांच्या मदतीसाठी आहे. फोनला पैसे पडत नाहीत. कोणी छळत असेल, कोणी टाकून दिले असेल, किंवा कोठे मदत मिळते हे विचारायचे असेल, तर हा नंबर फिरवावा. तो भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावा.

१०. गोष्टीचा शेवट

आता आबांकडे परत जाऊ.

आबांची नात सहावीत होती. शाळेतल्या बाईंनी तिला सांगितले, "घरात कोणाला वाचता येत नसेल तर तू शिकव." तिने आबांना धरले. रोज संध्याकाळी ओट्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागली. आबा आधी म्हणाले, "आता मसणात जायच्या वेळी अक्षरं कशाला?" पण नात ऐकेना. क, म, ल, घ, र असे करत करत तीन-चार महिन्यांत आबा लहान वाक्ये वाचू लागले.

एके दिवशी नात म्हणाली, "आबा, आज चिठ्ठी लिहायची. कोणालाही लिहा."

आबांनी विचारले, "कोणाला लिहू?"

"ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याला लिहा."

आबा बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. मग त्यांनी मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले: "तात्या, चहाला ये."

नात चिठ्ठी घेऊन धावत तात्यांच्या घरी गेली. तात्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी चिठ्ठी सुनेकडून वाचून घेतली. मग म्हणाले, "पुन्हा वाच." सुनेने पुन्हा वाचली. तात्या उठले, टोपी घातली, काठी घेतली आणि निघाले.

ओट्यावर दोघे समोरासमोर बसले. आधी कोणी बोलेना. सुनेने चहा आणला. तात्या म्हणाले, "साखर कमी का रे? तुला गोड लागायचा."

आबा म्हणाले, "डॉक्टरनं तोडली."

"मलाही तोडली."

दोघे हसले. अकरा वर्षांनी हसले.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "तात्या, त्या बांधाचं..."

तात्या म्हणाले, "बांध हाय तिथंच हाय. आपण किती दिवस हावोत?"

पुढच्या बाजाराला दोघे बरोबर पाचोडला गेले. आबांना आता भूक लागते. रात्री झोप येते. आणि संध्याकाळी ओट्यावर नातीसमोर दोन पाट्या असतात. तात्याही शिकायला लागले आहेत.

भावांनो, बहिणींनो, म्हातारपण कोणाला चुकले नाही. केस पिकतील, गुडघे दुखतील. पण ज्याच्या ओट्यावर कोणी येऊन बसते, त्याचे म्हातारपण गोड होते. असे कोणीतरी आपल्यालाही असावे आणि आपणही कोणाचे तरी असावे.

विचार करा आणि वर्गात बोला

१. आबांच्या घरची माणसे वाईट नव्हती. तरी आबा एकटे का पडले?

२. मोसंबीचा ताण आणि माणसांतला रुसवा यांत काय सारखे आहे?

३. जमीन मुलांना लिहून देताना कागदावर कोणती अट लिहावी?

४. तुमच्या गावात म्हाताऱ्या बायकांना बसायला-बोलायला जागा कोणती आहे? नसेल तर कोठे करता येईल?

५. ज्याच्याशी पुष्कळ दिवस बोलणे झाले नाही, अशा एका माणसाला दोन ओळींची चिठ्ठी लिहा. लिहून झाल्यावर ती वहीत ठेवू नका. पोचती करा.